माळ्यावरचं दार

न्हाय न्हाय, ती कडी काढा आदी. दार तेच असू द्या, दाराचं काय म्हणणं न्हाय माझं — पर कडी दुसरी बसवा. चांगली हाय, म्हाईत हाय मला. आमच्या सासऱ्यानं लोहाराच्या म्होरं उकिडवं बसून करून घेतल्याली हाय, नातवंडांनाबी पुरंल. तरीबी नको. का म्हंजी? कुरकुरती. न्हाय कुरकुरत? हालवून बगू नका हो — ऱ्हाऊ द्या तिला! बाजारातनं नवी आणून ठिवलीया म्या, ती बगा कोनाड्यात, कागदात गुंडाळल्याली. ती लावा. आतल्या अंगानं. व्हय, आतल्याच. भाईरनं कायच नको, मिस्त्री — भाईरनं कडी न्हाय, कोयंडा न्हाय, कुलूप घालायला जागाच नको. चुकून सुदीक भोक पाडू नका. आतला माणूस लावंल, आतलाच माणूस काढंल.

कोण ऱ्हातो म्हंजी? तुमाला कुणी सांगितलं न्हाय व्हय वाटंत? तुमी सोनारीकडचं न्हवं का, परांड्याच्या अंगाचं — तरीच आलाव. इथल्या सुताराला दोनदा सांगावा धाडला म्या, तर म्हणतोय कसा, येड्याच्या खोलीला दार कशाला, गजराबाई? म्हणलं बरं बाबा, तू तुझ्या शाण्यांचीच दारं कर. म्हणून तर तुमाला बोलीवलं. येडा म्हणायचं न्हाय माझ्या म्होरं, आदीच सांगते. जैनोद्दीन नाव हाय त्याचं. पिंजारी हाय. गाद्या, पांघरायचे लेप — लई हलका हात. निजामाच्या वक्ताला ह्या नळदुर्गात कुणाचं लगीन ठरलं की आदी जैनोद्दीनला सांगावा जायाचा, मग भटजीला. माझ्या लग्नातली गादीबी त्यानंच पिंजल्याली. टाके त्याच्या बायकोनं घातले, जमिलाबीनं. बारीक टाका, उसवून दावा म्हणावं.

चहा घ्या, निवतोय. आमचंच हाटेल हाय म्होरचं, मालक बसत्यात तिथं, मी माघं चुलीकडं. ह्या बांगड्या ऐकू येत्यात न्हवं? मालक म्हणत्यात, आदी गजराच्या बांगड्या येत्यात, मग गजरा येती. काम करताना वर सारते, पर ऱ्हातात व्हय त्या वर! ह्या खोलीपुढनं जाताना तेवढं पदरात हात गुंडाळून जाते. का? — असंच. झोपमोड हुती त्याची. तुमी चौकट बगा, वाळवी तर न्हाय लागली खालच्या अंगाला? पाच वर्सं नुसती उघडी हाय ती, दाराबिगर.

व्हय, पाच वर्सं दार न्हवतं. म्हंजी आदी व्हतं, पत्र्याचं. ह्या माघल्या खोल्या गाडीवानांसाठी बांदल्या सासऱ्यानं — हैद्राबादच्या सडकंनं बैलगाड्या जायाच्या तवा, गाडीवान उतरायचे, बैल सोडायचे. आता ट्रका आल्या. ट्रकवाला ट्रकंतच झोपतोय, खोल्या पडल्या मोकळ्या. आन् जैनोद्दीन पडल्याला बोरी नदीच्या पुलाखाली. किती वर्सं कुठं कुठं हिंडला त्याचं त्यालाच ठावं — हुमनाबाद म्हणतोय, गुलबर्गा म्हणतोय, कुठल्याशा दर्ग्यात नातेवाइकांनी साखळदंडानं बांधून ठिवलं व्हतं आठ म्हैने, बरा व्हतोय म्हणून. पायाला अजून वण हाय, इतकाला. तिथनं निसटला तो शिंदीच्या दुकानात. शिंदी बंद झाली तर हातभट्टी. माणूस न्हवता राहिला हो, नुसतं हाडकांचं बोचकं. बसल्या जागी हात हालवायचा — असा — पिंजण धरल्यावाणी, आन् तोंडानं टण्ण टण्ण करायचा. लोकं हसायची. ट्रकवाले त्याला पाजायचे आन् पिंज म्हणायचे. मी एकदा गेले तिथं उलथनं घिऊन. जाऊ द्या.

भाकरी न्यायची मी पुलाखाली. रोज. दोन दिल्या की एक खायाचा, एक शेजारी ठिवायचा. कुणासाठी? — जमिलाबीसाठी. हळू बोलायचा तिच्याशी, आपल्याला ऐकू जाऊ नये असं. पयल्या पावसाळ्याच्या तोंडाला म्या मालकाला म्हणलं, माघली खोली देऊ त्याला. मालक म्हणले, दे, पर पिणं सोडू दे आदी. सगळ्या गावानं तेच सांगितलं, आदी पिणं सोडू दे, आदी डोस्कं ठिकाणावर येऊ दे. मलाबी पटलं. मी शाणी! जाऊन सांगितलं त्याला, जैनोद्दीनभाई, पिणं सोडा, खोली देते. त्यानं ऐकलं, मान हालवली, आन् दुसऱ्या दिशी पुलाखालनंबी गायब. अडीच म्हैने! माझ्या जिवाला काय झालं असंल — त्या पावसात — माझंच मला. सापडला तो जळकोटच्या रस्त्याला, खडीच्या ढिगाऱ्यावर, तापानं फणफणल्याला. तवा म्या ठरीवलं. आता अट न्हाय. पिऊन या, पर या. रांगत या. माणूस चिखलात बसल्यालं असताना त्याला म्हणायचं, आदी अंग धू मग आत ये — अंग धुवायला तरी आतच यावं लागंल का न्हाय? तुमीच सांगा मिस्त्री.

तर आणला. आन् खोलीत येईना. उंबऱ्याच्या भाईर बसला, पावसात. खाट टाकली, गोधडी टाकली, येईना. दाराकडं बगायचा. नुसतं दाराकडं. मग माझ्या डोस्क्यात आलं — साखळदंड. आत गेलो की भाईरनं लावत्यात, एवढंच म्हाईत त्याला. मी मालकाला म्हणलं, पत्रा काढा. दार काढा. मालक म्हणले, येडी झालीस का तू? काढला म्याच, पहार घालून, हितं बगा अजून निशाणी हाय चौकटीला. गोणपाट लावलं. त्या राती — न्हाय, पाटंपाटं म्हणा — गोणपाटाच्या खालनं त्याचे पाय दिसले मला. आतल्या अंगाला. मी चुलीपाशी बसून रडले.

पाणी पिता का? ऊन लई हाय. तुमी चालू ठिवा, मी बोलते म्हणून हात थांबवू नका. तो यील आता, अणदूरला गेलाय कापूस आणायला. व्हय, आता पिंजतोय की! दीड वर्स झालं. गुमान एक दिवस आला आन् म्हणला, वहिनी, पिंजण करायला लाकूड मिळंल का. मी उठले ती तशीच गेले वखारीत, डोईवर पदरबी न्हवता. पिणं? पिणं सुटलं म्हणू नका. सुटतंय आन् धरतंय. आठ म्हैने झाले आता, हात लावला न्हाय. त्याच्या आदी एकदा अठरा दिस गेला व्हता. मी रोज झाडायची खोली. गाडग्यात पाणी रोज नवं. अठराव्या दिशी आला, गोणपाट वर केलं, आत गेला. मी काय इचारलं न्हाय, त्यानं काय सांगितलं न्हाय. ट्रकवाले आता त्याच्याकडनं लेप भरून घेत्यात, सीटावर टाकायला. आन् शेजारच्या खोलीत नागूबाई हाय — ती स्टँडावर चिंध्या येचायची, मोटारीच्या म्होरं आडवी व्हायची, तीच. ती आता माझी भांडी घासती आन् जैनोद्दीनवर ओरडती, तुझा कापूस माझ्या डाळीत येतो म्हणून. म्या म्हणलं, भांडा, लई बेस झालं, भांडायला शेजार लागतो.

मग दार कशाला, बरुबर इचारलं तुमी. मी तरी तेच इचारतेय चार दिस झालं. त्यानंच मागितलं. शुक्करवारी. मी भाकरी घिऊन आले तर म्हणला, वहिनी, ह्या खोलीला दार पायजे. वाऱ्यानं कापूस उडतोय. एवढंच. कापूस उडतोय! दीड वर्स उडतच व्हता की. मी म्हणलं करू, सागाचं करू, नवं. तर म्हणला, नवं कशाला. तुमचं हाय ते माळ्यावर. तेच द्या.

तेच द्या म्हणला.

त्याला कसं ठावं माळ्यावर दार हाय ते? नागूबाईनं सांगितलं असंल, ती चढती माळ्यावर. न्हायतर — हाटेल वाढवलं तवा आमचं म्होरलं दार काढलं, तिथं फळ्या लावल्या, आन् हे माळ्यावर टाकलं. आमच्या घराचं दार हे. रस्त्यावरचं. सगळ्या गावानं बगितल्यालं दार हाय, त्यात काय. तुमी रंधा मारा की जरा, ही बाजू फुगलीया. तो खालचा भाग नका घासू. तसाच असू द्या तो. ते कशाचं न्हाय, ते — जुनं लाकूड हाय, पडत्यात खड्डे. कुणी लाथ मारली असंल कवातरी. न्हाय, कुणी न्हाय मारली लाथ. त्यानं तर बोटानं वाजिवलं.

कुणी? कुणी न्हाय.

जमिलाबी गेली, ते सांगितलं का तुमाला? पोलीस ॲक्शनच्या साली. सोलापूरकडनं फौज आली, निजामाचं राज्य पडलं, गणपती उठले त्या हप्त्यात. रझाकारांनी जे केलं ते केलं व्हतं, आन् मग त्याचा राग उलटून कुणावर निघाला? जे पळाले न्हाईत त्यांच्यावर. पिंजाऱ्यावर, तेल्यावर, बांगड्यावाल्या मणेरणीवर. बाजरी कमरंयेवढी व्हती, तिच्यात लपत व्हती माणसं. तुमच्याकडं सोनारीला तेवढं झालं न्हाय म्हणत्यात. इथं झालं. आमी न्हवतोच इथं. मालक आन् मी, आमी दोघं माकणीला गेलतो, माझ्या मावसनणंदंकडं. आलो तर सगळं होऊन गेल्यालं. जमिलाबी हिरीत सापडली. तो राहिला. राहिला म्हंजी काय, उभा राहिला, तेवढंच.

मारा, मारा खिळा. वाकडा गेला का?

भर दुपार व्हती. ऊन असं उंबऱ्यापातूर आलं व्हतं, दाराच्या फटीतनं एक पट्टा आत, माझ्या पायावर. — काय? व्हय, माकणीला. म्हंजी — मालक माकणीला. न्हाय, मालकबी इथंच व्हते. आले व्हते माघारी. तेच म्हणले, उगडू नको. गडबड हाय गावात, कुणी का असंना, उगडू नको. त्यांचं तरी काय चुकलं हो, लेकरंबाळं — लेकरू न्हवतं मला तवा. पर घर तर व्हतं. घरातला कर्ता माणूस उगडू नको म्हणल्यावर बाईनं काय करावं? तुमची मंडळी उगडंल का?

तुमी बगताव कशाला असं माझ्याकडं? हातोडा चालवा की.

मालक बैल घिऊन गेलते माकणीला. बैल कुणी नेऊ नयेत म्हणून. तीन दिस न्हवते. आजपातूर त्यांनाबी सांगितलं न्हाय म्या. मी एकटी व्हते. कुणी उगडू नको म्हणलं न्हाय मला. कुणी न्हवतंच म्हणायला. आता झालं? आता ठोका.

दोघं व्हते दारात. तो आन् ती. आदी तो बोलला, वहिनी, कडी काढा. मग ती. तिचा आवाज — अहो, आदल्याच हप्त्यात माझ्या उंबऱ्यावर बसून हसून गेली व्हती ती, माझ्या नव्या बांगड्या बगून — ती म्हणली, गजरावहिनी, बसत न्हाय आमी. नुसतं आत उभं ऱ्हातो. दाराच्या माघं. एवढंच मागितलं. उभं ऱ्हायची जागा. आन् माझा हात कडीवर. ह्याच कडीवर, तुमच्या पायाशी पडलीया त्या. नुसती वर उचलायची व्हती. आता उचलते, आता उचलते म्हणत म्हणत — लांबनं आरडाओरडा आला, आन् हात खाली आला माझा. मी दोन्ही हात गुडघ्यात दाबून खाली बसले. बांगड्या वाजू नयेत म्हणून. आत कुणी न्हाय असं वाटावं त्यांना. कुणी घरातच न्हाय म्हणल्यावर राग कुणाचा यायचा, न्हवं? दाबून धरल्या. तरी एक वाजली. एकच. भाईर गप झालं सगळं. मग तो तिला म्हणला, चल. एवढंच. चल. चिडून न्हाय, कसं न्हाय. बाजाराला निघताना म्हणावं तसं.

आता तुमीच सांगा मिस्त्री, त्याला ऐकू गेली असंल का? पंधरा वर्सं झाली, मी इचारतेय माझ्या मनाला. पाच वर्सं त्याला ताट लावतेय. एकदाबी त्यानं त्या दिसाचं नाव काढलं न्हाय. वहिनी म्हणतोय. हात पुढं करून भाकरी घेतोय. त्याला वाटत असंल का, घरात कुणी न्हवतंच? का म्हाईत हाय? म्हाईत असतं तर माझ्या हातचं खाल्लं असतं का? म्हाईत नसतं तर हेच दार कशाला मागितलं? कापूस उडतोय म्हणं. लोकं म्हणत्यात गजराबाईनं पुण्य जोडलं. मला हसू यील का रडू. मी पुण्य जोडायला बसले न्हाय, मी — कडी काढतेय. रोज थोडी थोडी. पर आता ती कुणाच्या कामाची? उभं ऱ्हायचं माणूस तर गेलं.

ह्यातलं एक अक्षर भाईर जाऊ नये. तुमी परमुलखातले म्हणून बोलून गेले. का बोलले कुणास ठावं. सकाळपासनं जीव थाऱ्यावर न्हाय, चुलीवर दोनदा दूध उतू गेलं.

झालं? लावून बगा. नवी कडी बसली का नीट? भाईरनं काय न्हाय न्हवं? लागू द्या — हां. चांगलं बसलं. सरळ बसलं.

गप. आला बगा. डोक्यावर गाठोडं कापसाचं. तुमी काय बोलू नका. — या जैनोद्दीनभाई. झालं दार. हे मिस्त्री, सोनारीकडचे, चांगला हात हाय. बगा की, तुमीच लावून बगा. कडी नवी घातलीया, आतनं. भाईरनं काय न्हाय, हात फिरवून बगा पायजे तर. बगा, सगळीकडनं बगा. ते? तो खड्डा — तो जुनाच हाय. म्या म्हणलं असू द्या.

हात फिरवतोय त्याच्यावर. बगताव न्हवं मिस्त्री? कसा हात फिरवतोय.

गेला आत. गाठोडं घिऊन गेला. लोटतोय — आपल्या हातानं लोटतोय दार. पाच वर्सांत पयल्यांदा. पाय दिसंना झाले आता. आन् — ऐकलं? पडली. कडी पडली आतनं. कुणी सांगितलं न्हाय, कुणी लावली न्हाय, त्यानं त्याची लावली.

तुमी हत्यारं आवरा. म्होरं मालकांकडं जावा, ते बघतील तुमचं. मी जरा — ताट वाढायचं इचारते त्याला. जेवला नसंल सकाळपासनं. नुसतं इचारते. जैनोद्दीनभाई — न्हाय, हात लावला न्हाय म्या अजून दाराला, नुसता वर केला, एवढासा —

काय म्हणला तो?

तुमीबी ऐकलं न्हवं? बांगड्या वाजल्या, वहिनी — असंच म्हणला ना? आन् त्याच्या म्होरं? मला ऐकू आलं, पर तुमी सांगा. तुमी परके हाव, तुमी खोटं सांगणार न्हाय.

तवाबी वाजल्या व्हत्या — हेच म्हणला न्हवं तो?

न्हाय, उगडलं न्हाय त्यानं. ठोकू नका तुमी! हात काढा दारावरनं. त्याला वाटंल तवा उगडंल, न्हायतर न्हाय उगडणार. त्याचं घर हाय ते. जावा तुमी आता. जावा.